उलटं पडलेलं कासव

पुस्तकात छापलं आहे ते जसंच्या तसं वाचायचं, ही माझी शिस्त. ओळीखाली बोट ठेवायचं, स्वल्पविरामाला थांबायचं, पूर्णविरामाला श्वास घ्यायचा. भंडाऱ्याच्या शाळेत सातवीपर्यंत मला असंच शिकवलं होतं, आणि लग्न होऊन एकोडीला आले तेव्हा ट्रंकेत लुगड्यांच्या खाली गोष्टींची पुस्तकंही आली. रोज संध्याकाळी मी माझ्या फुलवंताला त्यातलं एक पान वाचून दाखवायची. अर्ध्या पानावर तिला झोप लागायची, ही गोष्ट वेगळी.

माझ्या नवऱ्याची रीत उलटी. ते पक्के शेतकरी, पण दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की घरात सापडायचे नाहीत. गावोगावच्या मंडईत दंडार असते, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक, आणि त्यात ह्यांचं एखादं सोंग ठरलेलं. दंडारीला छापील असं काही नसतं. राजा कालच्या गावात मेला म्हणून आजच्या गावातही मरेलच असा भरवसा नाही. लोक खूश असले तर तो उठून आणखी दोन गाणी म्हणतो. एखाद्याला गाणं आवडलं की तो जागेवरून रुपया दाखवतो, मग सोंगाड्या खेळ थांबवून पुढे येतो, रुपया घेतो आणि देणाऱ्याचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारतो. नाव पुकारल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. मला तो सगळा प्रकार पोरखेळ वाटायचा, आणि मी तसं तोंडावर सांगतही असे.

फुला दुसरीत गेली त्या वर्षी शाळेत सरकारी टीव्ही आला. छपरावर जाळीची मोठी छत्री बसली आणि तालुक्याहून आलेल्या माणसाने ती आभाळाकडे तोंड करून घट्ट आवळली. धनीराम गुरुजींनी पहिल्या दिवशी सगळ्या गावाला बोलावलं. मी पुढे जाऊन बसले होते. एक ताई आली, अशी स्वच्छ बोलणारी की ऐकत राहावं. ती म्हणाली, आज आपण शिकणार आहोत. मला भरून आलं. माझ्या लेकीला शिकवायला कुठून कुठून माणूस आलं होतं, आणि ते पुस्तकासारखं बोलत होतं.

मग बाहुल्यांचं गाणं झालं. गाणं संपतं न संपतं तोच आमचे हे उठले, टीव्हीच्या डोक्यावर रुपया ठेवला आणि हात जोडून उभे राहिले. ताई नाव पुकारेल म्हणून वाट पाहत होते. ताई पाण्याच्या थेंबाबद्दल बोलायला लागली. शेवटी मागून ह्यांच्या दंडारीतला कवडू ओरडला, "टेकचंदकडून एक रुपया बक्षीस," आणि सगळी शाळा हसून लोटपोट झाली. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, पण त्या दिवशी गावाने ते इतक्यांदा घेतलं की माझ्या वाट्याचंही झालं. गुरुजींनी रुपया परत दिला. घरी येताना हे एवढंच म्हणाले, "गानं चांगलं होतं. बाई घमेंडी आहे."

मी मात्र टीव्हीच्या बाजूने होते. दुपारच्या आधी थोडा वेळ तो कार्यक्रम लागायचा आणि फुला रोज येऊन त्यातलं सांगायची. ती पुस्तकाच्या अर्ध्या पानावर झोपते, पण टीव्हीतलं सगळं तिच्या ध्यानात राहतं, हे पाहून मी मनातल्या मनात त्या ताईचे आभार मानायची.

डिसेंबरात घात झाला. खळ्यावर कापलेल्या धानाचा पुंजणा रचलेला होता. त्यावर चढून पोरं घसरगुंडी करत होती आणि फुला भलत्या बाजूने घसरली. मांडीचं हाड मोडलं. भंडाऱ्याला नेऊन प्लास्टर घातलं. घरी आणली तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या तिने पहिला प्रश्न विचारला, "माय, आता टीव्हीतलं मले कोन सांगल?"

"मी जातो ना," हे म्हणाले.

 मी त्यांना अंगणात गाठलं आणि बजावलं, "जा. पन तिथं पायलं तेवढंच सांगा. शाळेचं आहे ते. त्यात तुमची दंडार मिसळू नका."

"एक शब्द नाही मिसळत," ते म्हणाले. असं चटकन कबूल करणाऱ्या माणसावर भरवसा ठेवू नये, हे मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून हे लाखोरी डाळीच्या बांधीतून, म्हणजे शेतातून, मधेच उठायचे, हातपाय धुऊन शाळेत जायचे, पोरांच्या मागे मांडी घालून बसायचे आणि घरी येऊन फुलाला सांगायचे. टीव्हीत एक कासव आलं होतं. ते आमच्या तलावासारख्याच एका तलावात राहायचं. एक दिवस त्याला वाटलं, हे पाणी जातं कुठे? कोणी सांगितलं, वैनगंगेत. झालं, कासव निघालं वैनगंगा पाहायला.

मी भाकरी थापत ऐकायची. कासव हळू, म्हणून गोष्टही हळू. एक दिवस ते नुसतं तलावाची पाळ चढलं. एक दिवस बैलगाडीखाली सावलीला बसलं आणि गाडीवानाचं गाणं ऐकत राहिलं. गाणंही हे म्हणून दाखवायचे. फुला खाटेवरून हसायची, टाळ्या वाजवायची. "टीव्हीत ढोलकी पन वाजते का?" मी विचारलं. "लय वाजते," हे म्हणाले. एकदा कासवाला बाजारात मुरमुरे खावेसे वाटले, तेव्हा मला जरा शंका आली. पण टीव्हीतल्या शहाण्या माणसांनी काही विचार करूनच ठेवलं असेल, असं मी स्वतःला समजावलं.

संक्रांत झाली आणि प्लास्टर निघालं. डॉक्टरने हाड पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाला, हाड छान जुळलं आहे, आता हिला चालवा. पायावर भार पडला नाही तर पाय बारीक राहील आणि पोरगी कायमची लंगडेल. हे त्याने फुलासमोर सांगितलं नाही, मला बाजूला घेऊन सांगितलं. परतीच्या एसटीत मी तिचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. प्लास्टरमधून निघालेला तो पाय दुसऱ्याच्या निम्मा दिसत होता, आणि मला खिडकीबाहेर पाहवत नव्हतं आणि आतही पाहवत नव्हतं.

घरी आल्यावर फुलाने पाय टेकवायला साफ नकार दिला. उभी केली की चांगल्या पायावर उभी राहायची आणि दुसरा वर उचलून धरायची. टाच जमिनीला लागली की अंग चोरायची, डोळ्यांत पाणी. दुखत नव्हतं, मी दाबून पाहिलं होतं. ती भ्यायली होती. मी गोडीने सांगितलं, मग रागावून सांगितलं. शेवटी आवाज चढवून सांगितलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतः रडले. माझी लेक लंगडणार, या विचाराने मला घास उतरत नव्हता.

त्याच सुमारास कासव बांधावरून घसरलं आणि पाठीवर उलटं पडलं. पाय आभाळाकडे. फुलाने विचारलं, "मंग?" हे म्हणाले, "मंग आज तेवढंच होतं." दुसऱ्या दिवशी कासव उलटंच. तिसऱ्या दिवशीही. आठवडा उलटला तरी टीव्हीतल्या माणसांना कासव सरळ करायला फुरसत मिळेना. पोरगी काळजीने अर्धी झाली. हे घरात शिरले की ती विचारायची, "उठलं?" आणि हे मान हलवायचे, नाही.

मला त्या ताईचा राग आला. लहान लेकरांच्या कार्यक्रमात असं करतात का कोणी? धनीराम गुरुजी तिळगूळ द्यायचा राहिला म्हणून आमच्याकडे आले, तेव्हा मी त्यांना दारातच धरलं.

"गुरुजी, ते कासव किती दिवस उलटं ठेवाचं आहे टीव्हीवाल्यांना?"

"कोणतं कासव, गोदावरीबाई?"

"वैनगंगेले चाललं ते."

गुरुजी आठवत राहिले. मग म्हणाले, "कासव एकदा आलं होतं खरं. प्लास्टर घातलं त्या आठवड्यात. पाच मिनिटांचं गाणं होतं, संपलं. नंतर दात घासणं झालं, बेरीज झाली, नखं कापणं झालं. सध्या पोस्टमन चालू आहे." मग त्यांना काहीतरी उमगलं असावं, कारण त्यांनी तिळगुळाची पुडी माझ्या हातावर ठेवली आणि लगबगीने निघून गेले.

मी तशीच बांधीवर गेले. हे लाखोरी उपटत होते. मला येताना पाहून त्यांनी पाठ केली, तेव्हाच कळलं की त्यांनी ओळखलं.

"नखं कापनं," मी म्हणाले. "बेरीज. पोस्टमन."

ते लाखोरी उपटतच राहिले.

"पोरगी दीड महिना शाळेबाहेर आहे. मले वाटे, टीव्हीतलं तरी तिच्या कानावर जाऊन राहिलं. अन् तुमी तिले मुरमुरे सांगून राहिले."

"पहिल्या दिवशी आलं होतं ना कासव," ते हळूच म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, कासवाचं काय झालं. मी काय सांगू? खाटेवर पडलेल्या पोरीले सांगू का, कासव गेलं, आता नखं काप?"

"अन् उलटं कायले पाडलं मंग?"

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "तिच्यासाठीच पाडलं. मले वाटलं, ती म्हनंल, बाबा, त्याले उठव. मंग मी म्हनीन, तू उठ पहिले. पन ती म्हनली, राहू दे, त्याले दुखत असंल."  "आता मले त्याले उठवता येऊन नाही राहिलं, फुलाची माय. ती पडून अन् ते कासव कसं उठवू?"

भर मंडईत हजार माणसांसमोर न अडखळणारा माणूस बांधीत उभा राहून रडत होता. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. पण मी तो दाखवत राहिले, कारण दोघांनीही रडत बसून चालणार नव्हतं.

त्या संध्याकाळी फुला म्हणाली, "माय, उद्या मले शाळेत ने. बाबाले मागून नीट दिसत नसंल. मी जाऊन पाहतो कासव उठलं का."

हे ताट सोडून उठले. मी फुलाकडे पाहत राहिले. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा आपण होऊन कुठे जायचं म्हणत होती. नाही म्हणावं तर ती परत खाटेला चिकटणार. हो म्हणावं तर तिला तिथे पोस्टमन दिसणार, आणि बापाने आपल्याला फसवलं हे कळणार. मग त्या पोरीने परत कोणाचं ऐकून पाय टेकवावा? मी म्हणाले, "नेतो." सांगायचं ते वाटेत सांगू, असं ठरवलं.

वाटेत मला सांगता आलं नाही. तलावाच्या पाळीपर्यंत तिला कडेवर घेतलं. तिथे ती म्हणाली, पोरं हसतील, उतरव. मग माझा हात धरून एका पायावर उड्या मारत ती शाळेपर्यंत आली. दुसरा पाय हवेतच. एका पायाचे ठसे धुळीत उठत होते आणि मी ते मोजायचे नाहीत असं ठरवून समोर पाहत चालले होते.

गुरुजींनी तिला पुढे बसवलं. मी भिंतीशी टेकले. ताई आली, तशीच स्वच्छ बोलणारी, आणि पोस्टमन आला. पत्र पेटीत पडतं, थैलीत जातं, गाडीत चढतं, हे सगळं त्यांनी इतकं नीट दाखवलं की एरवी मी वाखाणलं असतं. आज मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मी फुलाची मान पाहत होते. ती एकदाही हलली नाही. पोस्टमनचं गाणं झालं, ताईने निरोप घेतला, पडद्यावर मुंग्या आल्या. बाजूच्या पोरीला फुलाने काहीतरी विचारलं. त्या पोरीने मान हलवली, नाही.

परतताना ती तशीच एका पायावर पाळीपर्यंत आली. तिथे थांबली.

"माय, कासव टीव्हीत नसतेच."

"नसते," मी म्हणाले.

"बाबाच सांगे ते सगळं."

"हो."

मी पुढचं शोधत होते. बाबा खोटं बोलले, पण वाईट मनाने नाही, असं काहीतरी माझ्या जिभेवर होतं. फुला तलावाकडे पाहत होती. मग तिने विचारलं, "मंग आता त्याले कोन उठवल? बाबाले तर येत नाही."

मला तिथेच तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि मी घेतलं.  त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हतं.

घरी हे अंगणात बसले होते. बांधीवर गेलेच नव्हते. आम्हाला पाहून उठले, परत बसले. मी फुलाला ओसरीच्या खांबाशी उभी केली. तिने खांब धरला, पाय वर उचलला आणि बापाकडे पाहिलं.

"बाबा, आज कासव उठलं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फुलाकडे पाहिलं.

"कोनी उठवलं?" ह्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"एक बाई आली," फुला म्हणाली. "डोक्यावर गवताचा भारा होता. ती कासवाले लय रागावली. म्हने, काहून असा पडून राहिला रे, तुले काही काम नाही का? कासव म्हने, मले भेव लागते. बाई म्हने, लागू दे. अन् तिनं भारा खाली ठेवला, दोन हातांनी त्याले सरळ केलं, धूळ झटकली. मंग रस्ताभर रागावतच गेली त्याच्यासंगं. वैनगंगा येतपर्यंत रागावली. पानी दिसलं तवा कुठं चूप बसली."

"कोन होती ती बाई?"

"टीव्हीतली होती." फुलाने माझ्याकडे तिरकं पाहिलं. "पन मायसारखी रागावे."

 मग ह्यांनी मला विचारलं, "खरं का? असं दाखवलं?"

आयुष्यभर मी छापल्याबाहेरचं अक्षर वाचलं नाही. पदराने डोळे पुसले आणि म्हणाले, "हो. मी डोळ्यांनं पायलं ना. भारा पन होता."

ह्यांनी खिशात हात घातला. रुपया काढला आणि मंडईत धरतात तसा उंच धरला. जागचे हलले नाहीत. कारण बक्षीस घ्यायला सोंगाड्यानेच पुढे यायचं असतं, ही रीत आहे, आणि फुला त्यांच्या खांद्यावर बसून सगळ्या मंडया पाहिलेली पोरगी. तिने खांब सोडला. एक पाऊल चांगल्या पायाने टाकलं, मग दुसऱ्याने, मग परत पहिल्याने. मोडलेल्या पायाची टाच जमिनीवर पूर्ण टेकली होती. तिचं सगळं लक्ष रुपयाकडे होतं. मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर तिने खाली पाहिलं असतं.

तिने रुपया घेतला, वळली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं पुकारलं, "टेकचंदकडून एक रुपया बक्षीस."

ह्यांनी तोंडावर हात धरला होता. फुला अंगणाच्या मधोमध दोन पायांवर उभी होती. रीतीप्रमाणे तिने चौफेर पाहिलं, आणखी कोणाचं काही आहे का म्हणून.

मी ओसरीवरून उतरले. तिच्या बाजूने गेले, तिच्याकडे न पाहता पुढे गेले, आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला गोठ्याच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तिथून लांब दुसरी जागा आमच्या घरात नव्हती. मग कमरेची पिशवी सोडली, चार आण्याचं नाणं काढलं आणि हात उंच केला.